अनुभव धागा : परदेशातील सुट्टीचा पहिला दिवस आणि जेट लॅग

उन्हाळ्याच्या सुट्टीत परदेशी जाणाऱ्यांची तिकिटे एव्हाना काढून झाली असतील. व्हिसा, विमा आणि परकीय चलन यांवर सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. पण विमानातून उतरल्यापासून पहिल्या रात्रीची झोप लागेपर्यंतचा वेळ कसा काढावा, याबद्दल 'दुपारी झोपू नका' एवढ्यापलीकडे कोणी काही सांगत नाही. हा सल्ला लंडनला जाणाऱ्याला आणि टोकियोला जाणाऱ्याला सारखाच दिला जातो, हे मला पटत नाही. म्हणून हा धागा. आपण पूर्वेकडे गेलात की पश्चिमेकडे, तेथे किती वाजता उतरलात आणि पहिली दुपार व संध्याकाळ कशी गेली, एवढे आवर्जून लिहावे. 'भरपूर पाणी प्या' यासारख्या सर्वसाधारण सूचना कृपया टाळाव्यात. त्या सर्वांना पाठ आहेत.

सुरुवात माझ्यापासून करतो. जून महिन्यात आम्ही लंडनला गेलो होतो. उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते, त्यामुळे पहिल्या पहाटे तीनला टक्क जाग आली. पुण्यात तेव्हा साडेसात वाजले होते. छताकडे पाहत पडून राहण्याऐवजी आम्ही आवरून घेतले आणि पाच वाजता हाइड पार्क उघडताच आत शिरलो. सर्पेंटाइन तलावाच्या काठी बदकांशिवाय कोणी नव्हते, ऊन कोवळे होते आणि डोके इतके स्वच्छ होते की त्या सहलीतील सर्वांत चांगले दोन तास तेच, असे आजही वाटते. याची भरपाई संध्याकाळी करावी लागते. साडेसातच्या नाटकाचे तिकीट पहिल्या दिवशी काढणे म्हणजे मध्यरात्री बाराला नाट्यगृहात जाऊन बसणे होय. पश्चिमेकडे जाताना जे काही मनापासून पाहायचे असेल ते सकाळी पाहावे आणि संध्याकाळ मोकळी सोडावी, असे माझे मत आहे.

निवृत्त शिक्षिका, सांगली

आमची मुलगी कॅलिफोर्नियात सनीव्हेल येथे राहते. उन्हाळ्यात तेथील घड्याळ आपल्यामागे साडेबारा तास असते, म्हणजे दिवसाची सरळ रात्र होते. आम्ही दोघे सकाळी उतरलो आणि दुपारी दोनपर्यंत नातवाच्या कौतुकात इतके रमलो की लोक उगीच जेट लॅगचा बाऊ करतात, असे मी बोलूनही दाखवले. चारच्या सुमारास मात्र जी गुंगी आली तिला झोप म्हणता येणार नाही. समोरची व्यक्ती बोलते आहे हे दिसते, शब्द ऐकू येतात, पण त्यांचा अर्थ लागत नाही. ह्यांच्या हातात चहाचा कप होता आणि तो तिरका होत चालला आहे हे त्यांना कळत नव्हते. मुलीने तो अलगद काढून घेतला.

मुलीचा नेम ठरलेला आहे. पाहुण्यांना तिसऱ्या प्रहरी घरात बसू द्यायचे नाही. तिने आम्हाला जवळच्या बागेत नेले, एका बाकावरून दुसऱ्या बाकापर्यंत चालवले, सहाला जेवू घातले आणि आठच्या आत निजवले. रात्री साडेबाराला मी जागी झाले ती भुकेने. कारण साधे होते : सांगलीत दुपारचा एक वाजला होता आणि पोटाला वरणभात हवा होता. झोपेचे सगळे बोलतात, पण भुकेचे कोणी सांगत नाही, म्हणून हे मुद्दाम लिहिते. मुलीने फ्रिजमध्ये दहीभाताचा डबा ठेवला होता. 'नुसता दहीभात कसा खायचा' म्हणून ह्यांनी कढल्यात तेल तापवून मोहरी घातली आणि ती तडतडताच छतावरचे धुराचे यंत्र असे काही किंचाळू लागले की घरातले सगळे, नातवासकट, स्वयंपाकघरात जमले. तेव्हा फोडणी दिवसाउजेडी घालून ठेवावी. पहिल्या रात्रीसाठी हाताशी असे अन्न असावे की ज्यासाठी गॅस पेटवावा लागू नये.

युरोप सहलींचा टूर मॅनेजर, मुंबई

मी चाळीस-चाळीस जणांचे गट घेऊन जातो, तेव्हा माझा अनुभव जरा निराळ्या जागेवरून आलेला आहे. मी बसमध्ये सर्वांत पुढे, माइक घेऊन, प्रवाशांकडे तोंड करून उभा असतो. विमानातून उतरल्यावर थेट शहरदर्शनाला निघालेल्या बसमध्ये मी आयफेल टॉवरविषयी बोलत असतो आणि माझ्यासमोर चाळीस माना एकाच वळणावर एकाच बाजूला कलतात. परत आल्यावर 'पॅरिस नीट दाखवलेच नाही' अशी तक्रार करणारेही त्यांतलेच असतात. कार्यक्रम आखणे माझ्या हातात असेल तेव्हा मी बसमधून पाहण्याच्या गोष्टी दुसऱ्या दिवशी ढकलतो आणि पहिल्या दिवशी सर्वांना पायी, उघड्यावर फिरवतो. चालणारा माणूस पेंगत नाही. सीन नदीवरील रात्रीची बोटफेरीही पहिल्या दिवशी नको; खर्च प्रवाशांचा आणि झोपही प्रवाशांची, असा तो प्रकार होतो.

दोन गोष्टी प्रवाशांना पटवणे सर्वांत कठीण जाते. पहिली पडद्यांची. जूनमध्ये पॅरिसला रात्री जवळजवळ दहापर्यंत सूर्य मावळत नाही, त्यामुळे नऊला निजायचे तर खोलीचे जाड पडदे ओढून घ्यावेच लागतात. 'एवढ्या उजेडात दिवेलागणीच्या वेळी कसे झोपायचे' असा ज्येष्ठांचा आक्षेप असतो. दुसरी चहाची. पहाटे साडेतीनला माझ्या खोलीतला फोन वाजतो आणि पलीकडून अत्यंत सौजन्याने विचारले जाते, 'चहा कुठे मिळेल हो?' घरी सात वाजलेले असतात, त्यात त्यांचा दोष नाही. आता मी आदल्या संध्याकाळीच चहाच्या पुड्या वाटतो आणि खोलीत किटली नसेल तर गरम पाण्याचा थर्मास सोबत ठेवण्यास सांगतो.

अभियंता, ठाणे

मी टोकियोला गेलो होतो. वरील सर्वजण पहाटे जाग येण्याविषयी लिहीत आहेत. माझे उलटे झाले. टोकियो आपल्यापुढे साडेतीन तास आहे. पहिल्या रात्री एकपर्यंत डोळ्याला डोळा लागला नाही आणि सकाळी गजर वाजला तो मला ऐकूच आला नाही. हॉटेलची न्याहारी संपल्यावर उठलो. पहाटे त्सुकिजीच्या बाहेरच्या बाजारात जायचे ठरवले होते, तो बेत तिसऱ्या दिवसापर्यंत लांबला. साडेतीन तास म्हणजे काही फार नव्हेत, असे समजून निघणाऱ्यांनी पूर्वेकडील पहिली सकाळ रिकामीच धरावी.

डॉक्टर, नाशिक

वरील दोन्ही प्रकारांचे कारण एकच आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मेंदूच्या तळाशी, दोन डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जेथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या लगेच वर, पेशींचा एक लहानसा पुंजका असतो आणि शरीराचे मुख्य घड्याळ तेथे चालते. बहुतेकांच्या बाबतीत या घड्याळाचा स्वतःचा दिवस चोवीस तासांहून किंचित मोठा असतो. त्यामुळे उशिरा झोपणे त्याला सोपे जाते आणि लवकर झोपणे जड जाते. पश्चिमेकडचा प्रवास तुलनेने सुसह्य वाटतो तो यासाठीच. साधारणपणे हे घड्याळ दिवसाला एखाद तासानेच सरकते, म्हणून पहिल्याच दिवशी पूर्ण जुळवून घेण्याची अपेक्षा धरू नये.

दुसरा मुद्दा उजेडाचा. रात्री साधारण दहा-साडेदहाला झोपून सकाळी साडेसहाला उठणाऱ्याच्या शरीराचे तापमान पहाटे साडेचारच्या आसपास सर्वांत खाली जाते आणि तीच गुंगीची सर्वांत खोल वेळ असते. हे साडेचार भारतीय वेळेनुसार मोजावेत. कॅलिफोर्नियात तेव्हा दुपारचे चार वाजलेले असतात. सांगलीच्या बाईंनी वर्णन केलेली वेळ अगदी तीच आहे. न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात संध्याकाळचे सात, लंडनमध्ये मध्यरात्र, तर टोकियोत सकाळचे आठ वाजलेले असतात. या वेळेनंतर डोळ्यांवर पडलेला उजेड घड्याळ पुढे ओढतो, आधी पडलेला उजेड ते मागे ढकलतो. म्हणजेच टोकियोला गेलेल्या माणसाने पहिल्या दिवशी सातच्या उन्हात फिरण्याने फायदा होण्याऐवजी घड्याळ उलट्या दिशेला जाण्याचा संभव असतो. 'पोहोचताच सकाळचे ऊन घ्या' हा सल्ला सरसकट देऊ नये, तो यामुळे.

झोप अगदीच अनावर झाली तर वीस-पंचवीस मिनिटांची डुलकी घ्यावी, पण गजर लावून. दोन तास झोपून उठलेला माणूस अधिक सुस्त असतो आणि रात्रीही जागतो.

गृहिणी, न्यू जर्सी (माहेर सातारा)

माझा अनुभव उलट्या प्रवासाचा आहे, कारण आमच्या मुलांची सुट्टी भारतात असते. शाळा सुटली की आम्ही जूनअखेरीस साताऱ्याला येतो. मुंबईला मध्यरात्रीनंतर उतरून गाडीने निघायचे आणि सकाळी घरी पोहोचायचे, हा क्रम आहे. ओवाळून, भाकरतुकडा टाकून घरात घेतले जाते आणि त्यानंतर तासाभरात भेटायला येणाऱ्यांची रीघ लागते. न्यू जर्सीचे घड्याळ तेव्हा साडेनऊ तास मागे असते. म्हणजे इथे सकाळचे अकरा वाजले असताना मुलांच्या शरीरात मध्यरात्र उलटून गेलेली असते. अशा वेळी 'मला ओळखलंस का? सांग बरं मी कोण?' असे विचारणाऱ्या आत्याबाईंना माझी धाकटी काय उत्तर देणार? ती त्यांच्या मांडीवरच झोपली.

खरा संघर्ष त्यानंतर सुरू होतो. मी मुलांना उठवायला जाते आणि आई आडवी येते. 'झोपू दे गं, लेकरं दमली आहेत, सख्खी आई असून काय ही निर्दयता!' मी तिला किती समजावले, तरी नातवंडाला झोपेतून उठवणे तिच्या धर्मात बसत नाही. मुले दुपारी बारापासून संध्याकाळी सहापर्यंत झोपतात, अर्धी पोळी खाऊन पुन्हा आडवी होतात आणि रात्री एकला घरभर धावू लागतात. या वादावर बाबांनी तोडगा काढला. दुपारी ते मुलांना मागच्या पडवीत नेतात, बादलीत पाणी भरून देतात आणि झाडांना घालायला लावतात; पाणी हातात असेपर्यंत मूल झोपत नाही. रात्रीची जबाबदारीही त्यांचीच. कॅरमच्या सोंगट्यांचा आवाज नको म्हणून पत्ते, त्यातही 'भिकार-सावकार', कारण तो डाव पहाटेपर्यंत संपत नाही. उजाडता उजाडता ते मुलांना घेऊन अजिंक्यतारा चढायला जातात. दमून खाली आलेल्या मुलांना न्याहारीनंतर झोप येते, हे खरे. पण ती तासाभरात आटोपते आणि आईलाही बोलायला जागा राहत नाही.

नातेवाइकांनी पहिल्या दिवशी येऊ नये, असे मी कधी म्हणणार नाही. संध्याकाळी चारनंतर यावे, एवढीच विनंती आहे.

व्यावसायिक, कोल्हापूर

न्यूझीलंडमध्ये वाहने आपल्यासारखीच रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे आपल्याकडचे लोक ऑकलंडच्या विमानतळावरूनच भाड्याची गाडी घेऊन निघतात. डिसेंबरमध्ये तेथील दुपारी बाराला भारतात पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. डॉक्टरांनी सांगितलेली सर्वांत खोल गुंगीची वेळ ती हीच. रोटोरुआ सुमारे २३० किलोमीटर आहे, रस्ता उत्तम आहे आणि ऊन लख्ख असते, म्हणून धोका जाणवत नाही. आम्ही पहिली रात्र ऑकलंडमध्येच काढली आणि गाडी दुसऱ्या दिवशी ताब्यात घेतली. त्या एका रात्रीच्या खर्चावर घरात चर्चा झाली होती. मला तो खर्च आजही वाजवी वाटतो.

सनदी लेखापाल, मुंबई

थोडा विरोधी सूर. कामाला जोडून तीन दिवसांची सुट्टी लंडनमध्ये घेतली तेव्हा मी घड्याळ बदललेच नाही. पहाटे चारला उठणे, साडेपाचला जेवणे आणि आठला झोपणे, असा भारतीय क्रम ठेवला. रात्रीचे लंडन पाहिले नाही, पण परतल्यावर दुसऱ्याच सकाळी कामावर ताजातवाना होतो.

वाचक, छत्रपती संभाजीनगर

डिसेंबरमध्ये आईला घेऊन सिडनीला जात आहे. आम्ही सकाळी सहाला उतरणार असून खोली दुपारी तीनला मिळणार आहे. आईला थायरॉइडची आणि रक्त पातळ ठेवण्याची गोळी सुरू आहे. झोपेसाठी मेलाटोनिन द्यावे का? आणि तोपर्यंतचे नऊ तास कोठे काढावेत?

डॉक्टर, नाशिक

मेलाटोनिन अर्धा ते पाच मिलिग्रॅम या मात्रेत, पोहोचल्यानंतर तेथील झोपेच्या वेळी घेतल्यास पाच किंवा अधिक कालविभाग ओलांडणाऱ्यांना उपयोगी ठरते. पण वॉरफरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध घेणाऱ्यांनी आणि अपस्माराच्या रुग्णांनी ते परस्पर घेऊ नये. आईंच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. रक्ताच्या गोळीची स्थानिक वेळही त्यांच्याकडूनच लिहून घ्या. थायरॉइडची गोळी तेथील सकाळी, उपाशीपोटी चालू ठेवता येईल. इन्सुलिन घेणाऱ्या इतर वाचकांनीही मात्रांचे वेळापत्रक निघण्यापूर्वीच करून घ्यावे.

सिडनी डिसेंबरमध्ये आपल्यापुढे साडेपाच तास असते, त्यामुळे तुमची खोल गुंगीची वेळ तेथे सकाळी दहाला येईल. विमानतळावरून हॉटेलात जाऊन सामान ठेवा, आईंना काळा चष्मा द्या आणि दहापर्यंत आत बसूनच नाश्ता करा. बंदरातली मॅनलीला जाणारी फेरीबोट सर्क्युलर कीहून साडेदहानंतरची घ्या आणि तेव्हा वरच्या उघड्या डेकवर बसा. कॉफी दुपारी एकनंतर नको.