नाशिकजवळ नितळ गोड्या पाण्यात पोहायला, कयाक चालवायला जागा सुचवा

कॉलेजरोडकर: मंडळी, बाकालार लगूनचे फोटो बघून बायको आणि मुलगी दोघी पेटल्यात. मेक्सिकोत आहे ते, पाणी गोडं, तळाला पांढरी चुनखडी म्हणून निळ्याच्या सात छटा दिसतात. तेवढं बजेट नाही भो. दिवाळीनंतर एका दिवसात जाऊन येता येईल असं काही आहे का आपल्याकडे? मुलगी टँकमध्ये मस्त पोहते.

गंगापूररोडची_ताई: निळं विसरा दादा, आपल्याकडे खाली काळा कातळ आणि गाळ, पाणी हिरवटच दिसणार. गणपतीत तर चहासारखं गढूळ असतं, मग गाळ बसत बसत नोव्हेंबर-डिसेंबरात बऱ्यापैकी नितळ होतं, पण तेव्हा गारही असतं. गंगापूर धरणात पोहायचं मनातही आणू नका, अख्खं शहर ते पाणी पितं. बोटिंगच हवं असेल तर तिथला एमटीडीसीचा बोट क्लब आहे, सुरू आहे का ते फोन करून विचारा.

घोटीवाला: मी म्हणेन भंडारदरा करा. घोटीवरून जायचं, सकाळी लवकर निघा कारण दुपारी वारा सुटला की हवा भरायची कयाक नुसती भरकटते, वल्हं मारून हात भरून येतात आणि काठ तिथल्या तिथेच. जाताना वाऱ्याच्या तोंडावर जायचं म्हणजे दमल्यावर येताना वारा पाठीशी. आणि मासेमारीची जाळी बघा हां, वर फक्त थर्माकोलचे तुकडे नाहीतर रिकाम्या बाटल्या तरंगताना दिसतात, त्यांच्यामधून कयाक घालू नका. तिथलं धरण, विल्सन डॅम, १९२६ चं आहे, तेही बघून घ्या, वर्थ आहे.

कॉलेजरोडकर: भारी! मग मुलीला तिथे काठाकाठाने पोहू दिलं तर चालेल ना?

घोटीवाला: मी तरी नाही सोडणार. बॅकवॉटरखाली जुनी शेतं आहेत, गुडघाभर पाण्यात चालताय चालताय आणि बांध संपला की पाय एकदम खाली. त्यात गाळात चप्पल रुतते ती वेगळीच.

गंगापूररोडची_ताई: +१. पाणी नितळ असलं की उलट जास्त फसायला होतं, चार फूट खोल पाणी वरून तीन फुटांसारखं दिसतं. आणि टँकमध्ये दमलं की कडा धरता येते, इथे काय धरणार? पोहण्याची हौस शहरातल्या सावरकर जलतरण तलावात भागवा आणि धरणावर फक्त वल्हवा. लाईफ जॅकेट तिच्या मापाचं घ्या, मोठ्यांचं घातलं तर पाण्यात पडल्यावर जॅकेट कानापर्यंत वर येतं आणि पोरगी खाली. खांद्याला धरून वर ओढून बघायचं, सरकलं तर दुसरं मागायचं.

कॉलेजरोडकर: ओके, मग भंडारदरा फिक्स, पोहणं कॅन्सल. घरात सांगायचं कसं ते बघतो. घोटीच्या पुढे नाश्त्याला काही चांगलं मिळतं का?

घोटीवाला: घोटीतच मिसळ खाऊन घ्या, पुढे भरवसा नाही.