विकास आराखड्याच्या सुनावणीत उपग्रहचित्रं कशी मांडायची?

बांधावरचा:
आमच्या नगरपरिषदेचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झालाय. आमच्या वस्तीच्या मागून जाणारा ओढा त्यात नाहीच. ओढ्याच्या जागी सरळ पिवळा रंग, म्हणजे रहिवास विभाग. मुदतीत लेखी हरकत दिली आहे, सुनावणीचं पत्रही आलंय. गूगल अर्थवर मागच्या तारखांची चित्रं काढून पाहिली. जुन्या चित्रांत ओढा दिसतो, अलीकडच्या चित्रांत एका टोकाला मुरूम टाकून भरलेला दिसतो. मोठ्या पावसात हेच पाणी आमच्या घरांत गुडघाभर शिरतं. ओळखीचे एकजण म्हणाले, 'मोबाइलवरची चित्रं समिती बघत नाही.' खरं आहे का? ड्रोन उडवून घेऊ का? आणि गावनकाशा त्या चित्रावर बसवून दाखवला तर चालेल का?

नकाशावाली:
दादा, मोबाइल पुढे करू नका, कागद न्या. मी विकास आराखड्यांचं जीआयएसचं, म्हणजे संगणकावर नकाशे करण्याचं काम करते, सुनावणीला नकाशे उलगडून टेबलाच्या पलीकडे बसलेली असते. लोक पोटतिडकीने मोबाइल दाखवतात, सदस्य वाकून बघतात, 'ठीक आहे' म्हणतात आणि पुढचा हरकत क्रमांक पुकारला जातो. फाइलला काहीच लागत नाही. नंतर अहवाल लिहायला बसणाऱ्याला तुमच्या हरकतीसमोर पुरावा म्हणून काही सापडत नाही. याचं मला फार वाईट वाटतं, कारण अशी बरीचशी माणसं खरं बोलत असतात.

ए-थ्री कागदावर तीन चित्रं छापा: एक जुनं, एक भराव पडण्याच्या अगदी आधीचं, एक आत्ताचं. तिन्हींची चौकट तीच, उंची तीच, उत्तर दिशा वर. प्रत्येकाखाली चित्राची तारीख, अक्षांश-रेखांश, गट नंबर आणि तुमचा हरकत क्रमांक. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याच्या कलम २८(२)ची जी नियोजन समिती हरकती ऐकते, तिच्यात स्थायी समितीचे ३ सदस्य आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त ४ तज्ज्ञ असतात, म्हणून ७ प्रती न्या. आठवी आवक-जावकला देऊन शिक्का घ्या.

तारखेबद्दल सावध राहा. गूगल अर्थमध्ये पडद्याच्या तळाशी दिसते ती त्या जागेच्या चित्राची तारीख, पण दोन चित्रांची शिवण तुमच्या ओढ्यावरूनच जात असेल तर अर्धा भाग वेगळ्या दिवसाचा निघतो. खूप जुनी, धूसर चित्रं '३१ डिसेंबर' अशी तारीख दाखवतात. ती वर्षभराच्या चित्रांची जोड असते, त्या दिवसाचं चित्र नव्हे. ती वापरू नका.

आता मुख्य गोष्ट. चित्रात पाणी दाखवायच्या मागे लागू नका. पावसाळ्यात आकाश ढगांनी भरलेलं, त्यामुळे चांगली चित्रं बहुतेक हिवाळ्या-उन्हाळ्यातलीच मिळतात आणि तेव्हा ओढा कोरडा. समितीतलं कुणीतरी विचारणारच, 'पाणी कुठंय?' तेव्हा काठाकडे बोट करा. मार्चच्या चित्रात आजूबाजूची शेतं तपकिरी पडलेली असतात आणि मधूनच करंज-बाभळीची हिरवी रांग नागमोडी जाते. शेतांचे बांध त्या रांगेपाशी येऊन थांबतात, ओलांडत नाहीत. गाडीवाट जिथे ती पार करते तिथे फरशी किंवा मोरी दिसते. हे सगळं एका दिवसात उभं करता येत नाही. नगररचनेतला माणूस हे एकदा नीट बघतो तेव्हा त्याला पुढे फार पटवावं लागत नाही.

सोबत भारतीय सर्वेक्षण विभागाची टोपोशीट, म्हणजे ओढे-चढउतार दाखवणारा नकाशा जोडा, त्यांच्या पोर्टलवर मोफत मिळते. एक लक्षात ठेवा, कोरडा पडणारा ओढा टोपोशीटवर काळ्या रेषेत असतो. 'निळी रेषा नाही, म्हणजे ओढा नाही' असं कुणी म्हणालं तर तिथेच नकाशावरच्या खुणांच्या सूचीवर बोट ठेवा. गावनकाशा आणि ७/१२ वरची पोटखराब 'ब' (ओढा, रस्ता अशांखालची जमीन) ही नोंद हे तर हवेतच.

आणि समितीला नम्रपणे एक प्रश्न लेखी विचारा: त्याच कायद्याच्या कलम २५ खालचा अस्तित्वातील जमीन वापर नकाशा कोणत्या चित्रावरून आणि कोणत्या तारखेच्या चित्रावरून केला? हल्ली हे नकाशे उपग्रहचित्रांवरूनच तयार होतात. त्यांचं चित्र चालतं तर तुमचंही चाललं पाहिजे. याच पायरीवर चुका झाल्या की वरचं सगळं कोसळतं. मुंबईच्या २०३४ साठीच्या विकास आराखड्याचा मसुदा चुकांवरून इतका गाजला की एप्रिल २०१५ मध्ये सरकारने तो रद्द करून नव्याने करायला लावला.

काळा कोट:
नकाशावालीताईंना दुजोरा. कायद्याच्या बाजूने थोडंसं. नियोजन समिती म्हणजे न्यायालय नव्हे, तिथे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र नसलं म्हणून हरकत फेटाळता येत नाही. पण प्रकरण पुढे उच्च न्यायालयात गेलं तर प्रश्न येईल. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग: एक ज्याने संगणकावरून प्रत काढली त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा. जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-बीच्या अशाच प्रमाणपत्राचं महत्त्व सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली जालन्याच्या निवडणुकीवरून आलेल्या खोतकर प्रकरणात ठामपणे सांगितलंय. म्हणून प्रती काढाल त्याच दिवशी मूळ फाइल जपून ठेवा, कोणत्या संगणकावर, कुणी, केव्हा काढली ते लिहून ठेवा.

माळरान:
ड्रोनच्या भानगडीत घाईने पडू नका. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन-नकाशावर आधी तुमचा भाग हिरवा, म्हणजे वेगळ्या परवानगीशिवाय उडवता येईल असा आहे का बघावं लागतं, विमानतळाजवळ असाल तर उंचीची मर्यादा आहे. पैसे घेऊन उडवणाऱ्याकडे पायलटचं प्रमाणपत्र आहे का तेही विचारा. एवढं करून मिळणार काय, तर आजचा भराव. तो जागेवर उभं राहूनही दाखवता येतो.

बांधावरचा:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल भाच्याने गावनकाशा चित्रावर बसवून दिला. ओढा आठ-दहा मीटर बाजूला सरकतोय, एका घराच्या अंगणातून जातोय असं दिसतं. हे दाखवू की नको? ते घरवाले आधीच चिडलेत.

नकाशावाली:
बसवलेला नकाशा देऊ नका. मूळ गावनकाशा वेगळा द्या, चित्र वेगळं द्या. गावनकाशे साखळी आणि फलकयंत्राने झालेले, कागद आकसलेला, स्कॅन करताना ताणलेला. त्यात उपग्रहचित्राचंही स्वतःचं सरकणं असतं. इतका फरक पडायचाच. आजवर मी पाहिलेल्या चांगल्या हरकती इथेच बिघडल्या आहेत: ओढा आहे की नाही हा प्रश्न बाजूला पडतो आणि कुणाचं अंगण किती फूट यावर सुनावणी घसरते. चित्रावरून तिथे काय होतं आणि केव्हा होतं एवढंच सांगा. हद्द भूमी अभिलेखच्या मोजणीवर सोडा. त्या घरवाल्यांनाही आधीच जाऊन सांगा की तुमची मागणी त्यांच्या अंगणाची नाही, पाणी त्यांच्याही घरात शिरत असणार.

मागणी शेवटी दोन ओळींत लिहा: 'समितीने जागेची पाहणी करावी. ओढ्याची भूमी अभिलेखकडून मोजणी करून घेऊन तो आराखड्यात दाखवावा व तोवर या गटांवर रहिवास विभाग कायम करू नये.' सुनावणी संपल्यावर जे बोललात त्याची नोंद झाली का ते तिथेच विचारा, आणि अहवाल आला की तुमच्या हरकत क्रमांकासमोरच्या शेऱ्याची प्रत मागा. नाही दिली तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका.