प्रतिसाद: निळा पॅच आणि तांब्याचं सॉल्व्हंट

रायफलच्या नळीत गोळ्यांचं तांबं चिकटतं, ते काढायला सात-आठ वेळा सॉल्व्हंट फिरवूनही पॅच (नळी पुसायचा कापडाचा तुकडा) निळाच येतो, म्हणून अजून कडक सॉल्व्हंटची बाटली घ्यावी का, असं वर विचारलंय. आधी ब्रश आणि जॅग (सफाईच्या रॉडच्या टोकाला पॅच धरणारा भाग) कशाचे आहेत ते बघा. पितळ किंवा ब्रॉन्झचे असतील तर त्यांच्यातलंच तांबं विरघळून पॅच निळा होतो. नळी बिचारी केव्हाच स्वच्छ झालेली असते! मीही यात अर्धी बाटली वाया घालवली आहे. नायलॉनचा ब्रश आणि प्लॅस्टिकचा जॅग वापरून पुन्हा तपासा.

अमोनियावालं सॉल्व्हंट तांब्यावर जोरदार चालतं, पण ते रात्रभर नळीत ठेवू नका. बाटलीवर दिलेली मिनिटं पाळा, खिडक्या उघड्या ठेवा. काळ्या काजळीवर मात्र त्याचा फारसा उपयोग नाही, तिच्यासाठी कार्बनचं सॉल्व्हंट वेगळं, आणि ते आधी. पॉइंट टू-टू (.22) रायफलमध्ये तांब्याचं आवरण नसलेल्या साध्या शिशाच्या गोळ्या वापरत असाल तर तांब्याचं सॉल्व्हंट घ्यायचंच कशाला?

शेवटी तेलाचा अगदी पातळ हात. पुढच्या वेळी फायर करण्याआधी कोरडा पॅच फिरवून ते पुसायला विसरू नका. आणि हो, रॉड घालण्याआधी चेंबर (गोळी बसते ती जागा) रिकामं आहे ना, हे डोळ्यांनी बघा.