शब्द हवा आहे: 'विरागो'

कोरांटी: पंधराव्या शतकातल्या इटलीवर कादंबरी लिहितेय. नायिका कातेरिना स्फोर्झा, फोर्ली शहराच्या सत्ताधीशाची बायको. १४८८ मध्ये नवऱ्याचा खून झाला, मुलं मारेकऱ्यांच्या ताब्यात. किल्लेदाराला शरण यायला लावते असं सांगून ही रावाल्दिनोच्या किल्ल्यात शिरली आणि तटावरून त्यांनाच धमकावू लागली. तिकडे अशा बाईला 'विरागो' म्हणत, तेही कौतुकाने. मराठीत काय? 'रणरागिणी' नको. पाण्याच्या टँकरसाठी मोर्चा निघाला तरी मथळ्यात रणरागिणी असतेच.

जुनाबाजार: वीरांगना?

कोरांटी: छापताना जरा चूक झाली की वारांगना! धसकाच आहे मला.

तिरफळ: मग विरागोच ठेवा की.

मोडीवाचक: मुळीच नको. मराठी कानाला त्यात 'विराग' ऐकू येतो, बाई संन्यास घ्यायला निघाल्यासारखी वाटेल. लॅटिन 'विर' म्हणजे पुरुष. आपला 'वीर' त्याचाच भाऊबंद. लॅटिन बायबलात आदम हव्वेला विरागोच म्हणतो, कारण ती नरापासून घडलेली. घडणीने सर्वांत जवळचा शब्द 'मर्दानी'. इंग्रजीत गेल्यावर मात्र त्याच शब्दाची भांडकुदळ बाई झाली. त्या अर्थामागे गेलात तर कजाग, कैदाशीण अशा गल्लीत शिराल.

तिरफळ: 'जहांबाज' विसरलात. आमची आजी एका शेजारणीला म्हणायची. निम्मी शिवी, निम्मा धाक.

कोरांटी: जहांबाज झकास! गावकऱ्यांच्या तोंडी घालते. पण 'मर्दानी' खटकतो. बाईचं कौतुक करायलाही पुरुषच लागतो का?

मोडीवाचक: 'विरागो'तही तीच मेख आहे, म्हणून तर तो हवा. दरबारातल्या वकिलाच्या तोंडी घाला, त्याला त्यात काहीच खटकणार नाही. तटावर घाघरा उचलून 'मुलं काय, आणखी होतील' असं तिने सुनावल्याची गोष्ट राजकारणावर लिहिणाऱ्या माकियाव्हेलीने सांगितली आहे. खरी-खोटी देव जाणे, पण ते काही मर्दाचं उत्तर नव्हे!

कोरांटी: आणि निवेदनात? तिने औषधांचे, सौंदर्यप्रसाधनांचे, किमयेचे चारशेहून अधिक नुस्खे जमवले होते. त्या प्रकरणात 'खमकी' बसतोय.

जुनाबाजार: तिथे बसेल. पण १५०० च्या जानेवारीत पोपचा मुलगा चेझारे बोर्जिया किल्ला घेतो, तिथे खमकी म्हणू नका. भाजीवाल्याशी घासाघीस चाललीय असं वाटेल.

कोरांटी: तिथे विशेषणच घालत नाही.