पाढा सगळ्यांना सारखाच?

खडूची पूड : काल इथे कुणीतरी ठोकून दिलं, "मुलांची संस्कृती बघून शिकवा म्हणे! थोतांड आहे. पाढा सगळ्यांना सारखाच." डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. विकता विकता विचारलेले हिशेब ९८ टक्के बरोबर. तसलीच गणितं कागदावर नुसत्या आकड्यांत दिली, तर ३७ टक्के! मुलं तीच, पाढाही तोच. मग अडलं कुठे?

हातचा एक : ते 'कुणीतरी' मीच. अभ्यास किती मुलांचा होता तेही सांगा की. पाच! आणि माझ्या वर्गात चाळीस पोरं, म्हणजे चाळीस धडे काढू? वर मुलांच्या घरची माहिती भरायचा तो 'पार्श्वभूमी तक्ता'. गेल्या वर्षी रात्री जागून भरला, कुणी उघडूनसुद्धा पाहिला नाही.

तिसरा बाक : चाळीस धडे कोण मागतंय? हवाईत १९७०च्या दशकात कामेहामेहा शाळांच्या प्रकल्पात वाचनाच्या तासाला मुलांना एकमेकांच्या बोलण्यात बोलू दिलं, कारण घरी गप्पा तशाच रंगायच्या. वाचन सुधारलं. मी घरच्या बोलीत उत्तर दिलं की बाई म्हणायच्या, "आधी शुद्ध बोल." वर्ग खिदळायचा. शाळा संपेपर्यंत पुन्हा हात वर केला नाही.

ऱ्हस्वदीर्घ : मग पेपरही बोलीतच लिहू द्यायचा का? असे लाड करूनच मुलं मागे राहतात.

तिसरा बाक : पेपरचं नाव तरी काढलं का मी? हसण्याबद्दल बोलतेय. वाचा नीट. ऱ्हस्वदीर्घासकट.

काठावरचा : भांडा सावकाश. ऱ्हस्वदीर्घ अर्धे बरोबर आहेत (हे लिहिताना जिवावर येतंय). अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ लिसा डेल्पिट यांनी १९८८ मध्ये हेच मांडलं, की प्रतिष्ठितांचे भाषानियम ज्यांच्या घरी नाहीत त्यांना ते उघड उघड शिकवा. फक्त घरची भाषा हिणवू नका. मुलांच्या संस्कृतीशी जोडून शिकवण्याची जी मांडणी अमेरिकेच्याच ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांनी १९९५ मध्ये केली, तीतही अभ्यासातलं यश आहेच. वर्षातून एकदा वेशभूषा करून नाचवणं म्हणजे हे नव्हे.

हातचा एक : झालं, आता परदेशी नावं! बरं, एक कबूल करतो. वर्गात एक मुलगी बोलताना कायम खाली बघायची. उद्धट समजून वर्षभर झापलं. मग एकदा तिची आजी भेटायला आली, तीही जमिनीकडे बघूनच बोलली.

तिसरा बाक : मग मुलीला काही म्हणालात?

हातचा एक : तोवर वर्ष संपलं होतं. आणि तक्ता मी भरणार नाही.