रजेच्या अर्जात काय लिहिलंत?

२०१९ च्या पावसाळ्यात मी बावीस दिवस रजेवर होतो. परभणीतल्या एका पतसंस्थेत नोकरी. अर्जात लिहिलं टायफॉइड. खरं होतं नैराश्य. पहाटे तीनला झोप मोडायची, साध्या बेरजा चुकायच्या, काउंटरसमोरची रांग बघितली की छाती धडधडायची. टायफॉइड म्हटल्यावर सहकारी शहाळी घेऊन घरी आले. साहेबांनी फोन करून "मऊ खिचडीच खा" म्हणून बजावलं. त्या शहाळ्यांचं ओझं अजून उतरलेलं नाही. माणसं चांगलीच होती. खरं सांगितलं असतं तरी आली असती का, हे मात्र मला कधीच कळणार नाही.

"येरवड्याला पाठवा ह्याला" हे आपल्याकडं ऑफिसात अजून सहज बोललं जातं. २०२४ मध्ये १० ऑक्टोबरच्या जागतिक मानसिक आरोग्य दिनाचा विषयच कामाच्या ठिकाणचं मानसिक आरोग्य हा होता. आमच्या नोटीसबोर्डावर तेव्हा पत्रक लागलं. कुणी बघत नाही ना, याची खात्री करून मी ते वाचलं.

म्हणून विचारतो. तुम्ही अर्जात काय लिहिलंत? खरं लिहिलं असेल तर पुढं काय झालं? कंपनीचं, शाळेचं नाव नको. गाव आणि काम पुरे.

वाळूज, सीएनसी ऑपरेटर

मला बायपोलर आहे, म्हणजे मन कधी फार उसळतं, कधी पार खचतं. नाइट शिफ्ट लागली की झोप जायची आणि झोप गेली की आजार उसळायचा. मग मी ओव्हरटाइम मागून घ्यायचो, सगळ्या लाइनला चहा पाजायचो, एकदा तर उधारीवर मोटारसायकल घेतली. सुपरवायझर खूश. नंतर एक दिवस अंथरुणातून उठताच येईना. दोनदा असं झाल्यावर घाटी दवाखान्यात दाखवलं. लिथियमची गोळी सुरू झाली. डॉक्टरांनी सांगितलं की पाणी कमी पडू द्यायचं नाही. फार घाम जाऊन अंग कोरडं पडलं तर रक्तातलं लिथियम वाढतं, आणि जास्त वाढलं तर विषबाधा होते.

आता मे महिन्यात आमच्या शेडचा पत्रा कसा तापतो ते इथल्या माणसाला सांगायला नको. पाण्यासाठी मशीन सोडली की कामचुकार. गोळीनं हात थरथरायचे, तर पोरं म्हणायची, "ढोसून आलाय." दारुड्या म्हणवून घेण्यापेक्षा खरं सांगितलेलं बरं, म्हणून सुपरवायझरला गाठलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझ्या मेव्हण्याला हेच होतं बघ. आम्ही त्याला बुवाबाबांकडं फिरवत बसलो." दुसऱ्या दिवशी मशीनजवळ पाण्याचा जार आला. नाइट बंद झाली. एचआरनं मात्र विचारलंच, ह्याला मशीनवर ठेवणं बरोबर आहे का? डॉक्टरांचं फिटनेस पत्र दिलं. चार वर्षं झाली, त्याच मशीनवर आहे. रक्त तपासायला जायचं असतं तेव्हा अर्जात 'लिथियम तपासणी' असंच लिहितो.

जालना जिल्हा, जिल्हा परिषद शिक्षिका

मी पहिल्यांदाच खरं लिहिलं. प्रमाणपत्रावर डॉक्टरांच्या नावाखाली 'मानसोपचारतज्ज्ञ'. तो कागद शाळेतून केंद्रप्रमुखांकडं, तिथून पंचायत समितीत. मी रुजू व्हायच्या आधी बातमी सगळीकडं. पालकसभेत एका बाईंनी विचारलं, "मॅडम लेकरांना मारत तर नाहीत ना?" मुख्याध्यापकांनी सहल, परीक्षा, स्नेहसंमेलन सगळं काढून घेतलं, "तुम्हाला त्रास नको" म्हणून. त्यांचा हेतू चांगला होता, मी मानते. पण रिकाम्या तासाला स्टाफरूममध्ये बसून राहणं मला आजारापेक्षा जड गेलं. यातलं तुम्हाला काय झेपेल, एवढं विचारलं असतं तरी चाललं असतं.

बीड जिल्हा, आशा कार्यकर्ती

गावात बीपीच्या, शुगरच्या गोळ्या मी उघड देते. माझ्या गोळ्या हळदीच्या डब्यात. कळलं तर काम जाईल वाटतं. घरच्यांनाही माहीत नाही. आज इथं पहिल्यांदा लिहिते.

परभणीकर

ताई, आधी तुमच्याशी. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक आहे. दिवसरात्र चालू, फुकट, मराठीत बोलता येतं. गोळ्या मनानं बंद करू नका.

मॅडम, २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा उपचार करणाऱ्यांना गुप्तता पाळायला लावतो. टेबलाटेबलावरच्या बाबूला कोण आवरणार? प्रमाणपत्र बंद पाकिटात एकाच अधिकाऱ्याकडं जावं, बाकी टेबलांवर फक्त रजेच्या तारखा. याला पैसाही लागत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मानसिक आजारही येतो, हेही कुणी आपल्याला सांगत नाही.

हिंगोली, कापड दुकानदार

मी दुसऱ्या बाजूचा माणूस. अकरा वर्षं हिशोब सांभाळणाऱ्या मुनीमजींना मी काढलं. त्यांना आवाज ऐकू यायचे, गिऱ्हाइकासमोर स्वतःशीच बोलायचे. दोन महिन्यांचा पगार जास्तीचा दिला आणि आपण चांगलं वागलो असं समजलो. त्याच वर्षी दुकानातल्या पोराला टीबी झाला. त्याची जागा मी सहा महिने राखून ठेवली. हा फरक माझ्या मुलीनं जेवताना दाखवला. घास तसाच राहिला.

त्यांच्या घरी गेलो. नांदेडला उपचार चालू होते, बरेच सावरले होते. त्यांच्या आई म्हणाल्या, "गोळीनं सकाळी सुस्ती असते, लवकर नका बोलावू." आता ते बारा ते आठ येतात. गल्ल्यावर नको, मागं बसून खतावणी लिहितो, हे त्यांनीच मागून घेतलं. अकरा वर्षांत सापडली नसेल अशी एक जुनी चूक परवा त्यांनी काढून दाखवली.

गेल्या दिवाळीला एक नेहमीचं गिऱ्हाईक म्हणालं, "तो येडा परत घेतला का?" मी म्हटलं, "नाव घेऊन बोला." त्यांनी नाव घेईपर्यंत मी कापड फाडलं नाही.