लाइफ ड्रॉइंग: स्नायू पाठ करावेत की रेषेचा सराव वाढवावा?

रेघोटी:
रविवारच्या लाइफ ड्रॉइंगच्या (समोर बसलेल्या माणसावरून काढायच्या) सेशनला दोन तास मॉडेल असते, कपड्यांत. हाफ इम्पीरियल (साधारण १५ × २२ इंच) कार्ट्रिज कागदावर चारकोलने काढतो. अडचणी तीन. बाह्यरेषा बरोबर आली तरी आकृती जमिनीवर उभी वाटत नाही, तरंगते. पावलांना कागद उरत नाही. आणि वीस मिनिटांच्या पोझमध्ये रेषा सगळीकडे सारखीच जाड होते, तारेसारखी. स्नायूंची नावं पाठ करायला घेऊ, की रेषेवरच बसू?

अर्धउठाव:
नावं राहू द्या. आधी हाडं शोधा, तीसुद्धा फक्त कातडीजवळ येणारी: गळ्याची खाच, हासळीची (गळ्याखालच्या आडव्या हाडाची) दोन्ही टोकं, बरगड्यांची खालची कमान, कमरेच्या हाडाची पुढची दोन टोकं, खुबा, गुडघ्याची वाटी, घोटे. पाठमोरी पोझ असेल तर मानेच्या तळाचा ठळक मणका, फऱ्यांच्या (खांद्यामागच्या चपट्या हाडांच्या) कडा आणि कमरेखालच्या दोन खळ्या. मॉडेल अंगाने भरलेली असेल तर कमरेची पुढची टोकं उंचवट्याऐवजी खळगे म्हणून दिसतात. तिथे बरेच जण फसतात.

आकृती तरंगते, कारण वजन कुठल्या पायावर आहे हे न बघताच तुम्ही डोक्यापासून कड काढत खाली येता. एका पायावर भार असेल तर त्या बाजूची कंबर वर जाते, खांदा बहुधा खाली येतो, आणि समोरून पाहिलं तर गळ्याची खाच त्याच पायाच्या आतल्या घोट्यावर येते. खाचेतून ओळंबा सोडा. पाऊल त्या रेषेपासून दूर पडलं असेल तर वरचं कितीही घासा, माणूस पडणारच. मोकळ्या पायाचा गुडघा खाली येतो, हेही विसरलं जातं.

म्हणून पहिल्या दोन मिनिटांत कागदावर एवढंच हवं: ओळंबा, खांद्यांची तिरकी रेघ, कमरेची उलटी तिरकी रेघ, दोन्ही पावलांच्या जागा. चेहरा नाही.

कोळसा_कागद:
पावलांचं उत्तर सोपं आहे. डोक्याचा माथा आणि टाचा, या दोन खुणा आधी करा आणि त्याबाहेर जायचं नाही. उभ्या माणसाचा मध्य बेंबीवर नसतो. तो जांघेच्या हाडाजवळ, खुब्याच्या आसपास येतो. मध्य बेंबीवर धरला की पाय आखूड होतात किंवा कागद संपतो. एकूण उंची साधारण साडेसात डोकी, पण समोरच्या माणसाची मोजूनच घ्या. मोजायला सायकलचा स्पोक पेन्सिलीपेक्षा बरा. हात ताठ, कोपर वाकवायचं नाही, एक डोळा बंद. कोपर जरा वाकलं की माप बदलतं.

किती लांब बसता? मॉडेलच्या उंचीच्या अडीच-तीन पट अंतर हवं, म्हणजे १४-१५ फूट. सहा फुटांवर बसून पूर्ण आकृती काढायला गेलात तर मान वर-खाली करावी लागते आणि प्रत्येक भाग वेगळ्या मापाने येतो. खोली लहान असेल तर सरळ अर्धी आकृती काढा. बोर्ड मांडीवर आडवा ठेवू नका. कागद उभा केल्यावर आकृती लांबट निघते.

त्रिभंग:
वरच्या दोघांशी सहमत, पण स्नायू अगदीच सोडू नका. रेषा तारेसारखी होते ती आतलं माहीत नसल्यामुळेच. पायाचं बघा: मांडीचा बाहेरचा फुगवटा वर, आतला गुडघ्यालगत खाली. पोटरीचा बाहेरचा वर, आतला खाली. घोट्याला मात्र उलट, आतला वर आणि बाहेरचा खाली. हे कळलं की दोन्ही कडा समांतर काढायची सवय मोडते. समोरासमोर फुगवटे काढले की पाय फुलदाणीसारखा दिसतो.

रेषेला दाब कुठे द्यायचा? नडगी, कोपर, मनगट अशा हाडाच्या जागी रेषा कडक आणि थेट. पोट, मांडी इथे सैल. कंबर दुमडलेल्या बाजूला बरगडीची रेषा पोटावरून आत शिरते. ती आत न्या, कडेलाच सोडू नका. ताणलेल्या बाजूला एकच लांब रेषा, खांद्यातून हात फिरवून.

शरीररचना की रेषा, हा वाद मुंबईला नवा नाही. जे. जे. कलाशाळेत तिथले प्रमुख ग्लॅडस्टन सॉलोमन यांनी १९१९-२०च्या सुमारास नग्न मॉडेलचा लाइफ क्लास आणि भित्तिचित्रांचा वर्ग, दोन्ही सुरू केले. अजिंठ्याच्या रेषेच्या नावाखाली हाडं विसरणाऱ्यांनी अजिंठ्याच्याच आकृत्यांच्या कमरेचा झोक एकदा ओळंबा धरून बघावा.

रेघोटी:
पण मॉडेल सहावारीत असेल तर खुबा, गुडघा दिसतच नाहीत.

अर्धउठाव:
चुण्या बघा. त्या टेकलेल्या जागेपासून निघतात: खांदा, कंबर, पुढे आलेला गुडघा. गुडघा जिथे कापड ढकलतो तिथे ते ताणलेलं आणि सपाट असतं, त्याखाली चुण्या सुटतात. नऊवारी मिळाली तर उत्तमच, कासोट्यामुळे पाय वेगवेगळे कळतात. बांगड्या आणि चोळीची बाही गाळू नका. हात कुठल्या दिशेला वळलाय ते त्यांच्या वक्रावरून फुकटात कळतं.

कोळसा_कागद:
आणि विश्रांतीआधी मॉडेलच्या पावलांभोवती खडूने खूण करायला सांगा. परत उभं राहताना भार थोडा जरी सरकला तरी कमरेचा तिरकेपणा बदलतो, आणि मग एकाच कागदावर दोन पोझ होतात.